सुवार्ता म्हणजे नेमके काय? नव्याने समजून घेणाऱ्यांसाठी वाचनाचा एक क्रम

ख्रिस्ती उपासनेला पहिल्यांदाच आलेल्या माणसाच्या कानांवर ‘सुवार्ता’ हा शब्द तासाभरात अनेकदा पडतो. परंतु त्या शब्दाचा अर्थ काय, हे थांबून सांगण्याचे बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. उपासना संपल्यावर असे प्रश्न घेऊन मागे थांबणाऱ्यांबरोबर मी बरीच वर्षे बसत आलो आहे. त्यांच्यात नुकताच विश्वासात आलेला तरुण असतो, ख्रिस्ती घरात लग्न होऊन आलेली सून असते, आणि निव्वळ जिज्ञासेपोटी आलेले सेवानिवृत्त शिक्षकही असतात. त्यांच्याबरोबर वाचताना जो क्रम उपयोगी पडला तोच येथे मांडत आहे. हाताशी मराठी बायबल, एक वही आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरेसे आहे. वाचणाऱ्याने आधीच विश्वास ठेवलेला असावा, अशी अट नाही. मात्र घाई करू नये, ही विनंती आहे.

पायरी १ : शब्द नीट पाहावा

मराठीत या एका गोष्टीसाठी दोन शब्द रूढ आहेत. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘सुवार्ता’ हा शब्द अधिक ऐकू येतो, तर कॅथलिक उपासनेत ‘शुभवर्तमान’. यांतील ‘वर्तमान’ या शब्दाकडे नवीन वाचकाने लक्ष द्यावे, कारण आज आपण तो चालू काळ या अर्थाने वापरतो. जुन्या मराठीत वर्तमान म्हणजे बातमी. बखरींतून आणि जुन्या पत्रव्यवहारातून ‘वर्तमान कळले’ असे येते ते याच अर्थाने, आणि ‘वर्तमानपत्र’ या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. म्हणजे आपल्या भाषेने दोन्ही शब्दांत एकच गोष्ट जपून ठेवली आहे : ही बातमी आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘एव्हांगेलिऑन’. युद्धात जय मिळाला, नवा राजा गादीवर आला, अशा बातमीसाठी तो वापरला जाई. आजच्या तुर्कस्तानातील प्रिएने या प्राचीन नगरात इ. स. पू. ९ मधील एक शिलालेख सापडला आहे. त्यात सम्राट ऑगस्टस याचा जन्मदिवस हा जगासाठी शुभवर्तमानांचा आरंभ होय, अशा आशयाची वाक्ये आहेत. रोमी साम्राज्यात हा शब्द असा सम्राटाच्या नावाशी जोडला जात असताना, येशूची कथा लिहिणाऱ्या मार्काने आपल्या ग्रंथाचे पहिलेच वाक्य ‘येशू ख्रिस्ताच्या सुवार्तेचा प्रारंभ’ असे लिहिले. त्या काळच्या श्रोत्याला त्यातील धाडस लगेच जाणवले असणार.

बातमी आणि उपदेश यांतला फरक येथेच मनात पक्का करावा, कारण पुढचे सर्व त्यावर उभे आहे. उपदेश आपण काय करावे ते सांगतो; बातमी कोणीतरी काय केले ते सांगते. नवीन माणसाला सुवार्तेचा अर्थ विचारला तर तो बहुधा ‘शेजाऱ्यावर प्रेम करावे, क्षमा करावी, खोटे बोलू नये’ असे उत्तर देतो. ही शिकवण येशूची आहेच आणि तिचे मोल मोठे आहे. परंतु ती सुवार्तेच्या मागून येते. बातमीला स्थळ असते, काळ असतो, साक्षीदार असतात. म्हणूनच अनेक मंडळ्या ज्या विश्वासांगीकारात आपला विश्वास बोलून दाखवतात, त्यात पंतय पिलात या रोमी अधिकाऱ्याचे नाव येते. इ. स. २६ ते ३६ या काळात तो यहूदीया प्रांताचा कारभार पाहत होता, आणि त्याचे नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरिया येथील उत्खननात मिळाला. प्रार्थनेच्या ओळींत एका सरकारी अधिकाऱ्याचे नाव का, असा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. येशूने दुःख सोसले ते अमुक माणसाच्या अमलात, म्हणजे ठरावीक वर्षांत आणि ठरावीक प्रांतात, हे त्या नावाने नोंदवले जाते.

पायरी २ : मार्काचे पुस्तक एका बैठकीत वाचावे

येशूची कथा सांगणाऱ्या पुस्तकांनाही शुभवर्तमान म्हणतात, आणि मत्तय, मार्क, लूक व योहान यांच्या नावांनी अशी चार शुभवर्तमाने बायबलमध्ये आहेत. नवागताने मार्कापासून आरंभ करावा. बहुतेक अभ्यासक त्याला चौघांत सर्वांत आधीचे मानतात, आणि सोळा अध्यायांचे ते सर्वांत लहान पुस्तक आहे. मोठ्याने वाचले तरी सुमारे दोन तासांत संपते. रोज एक तुकडा वाचण्याची सवय पुढे लावावी. पहिल्यांदा मात्र ते सलग वाचावे, कारण तुकड्यांत वाचणाऱ्याला बोधकथा दिसतात आणि सलग वाचणाऱ्याला कथानक दिसते.

वाचताना वहीत दोन खुणा कराव्यात. ‘हा कोण आहे?’ असा प्रश्न कोणीही विचारला की एक खूण, आणि येशूने स्वतःच्या मरणाविषयी सांगितले की दुसरी. पहिल्या खुणा आठव्या अध्यायाच्या मध्यापर्यंत दाट येतात; तेथे येशूचा शिष्य पेत्र ‘आपण ख्रिस्त आहात’, म्हणजे देवाने अभिषेक केलेला राजा आहात, असे उत्तर देतो. लगेच दुसऱ्या खुणा सुरू होतात, आणि आठव्या, नवव्या व दहाव्या अध्यायांत मिळून तीनदा येशू सांगतो की आपल्याला धरून देतील, मारतील आणि आपण तिसऱ्या दिवशी पुन्हा उठू. सोळांपैकी शेवटचे सहा अध्याय एका आठवड्याभोवतीच फिरतात. ज्या लेखकाला केवळ थोर शिक्षकाचे चरित्र लिहायचे असते तो आपल्या पुस्तकाची अशी मांडणी करणार नाही.

शेवटी एक गोष्ट गोंधळात टाकते, ती आधीच सांगतो. सोळाव्या अध्यायातील नवव्या वचनापासूनचा (अध्यायातील क्रमांक घातलेल्या लहान भागाला वचन म्हणतात) भाग चौथ्या शतकातील दोन सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत नाही, आणि म्हणून काही आवृत्त्यांत तो कंसात किंवा टीपेसह छापलेला असतो. त्यात लपवण्यासारखे काही नाही. पुनरुत्थानाची साक्ष या बारा वचनांवर अवलंबून नाही, हे चौथ्या पायरीत दिसेल.

पायरी ३ : कफर्णहूमच्या घरात थांबावे

सलग वाचन झाल्यावर मागे येऊन दुसऱ्या अध्यायाची पहिली बारा वचने पुन्हा वाचावीत. संपूर्ण सुवार्तेचा अर्थ एका घरात पाहायचा असेल, तर मी नेहमी हेच घर दाखवतो.

येशू कफर्णहूम येथे एका घरात बोलत आहे आणि दारापाशीसुद्धा उभे राहायला जागा नाही. चौघे जण पक्षाघात झालेल्या एका माणसाला बाजेवर घालून आणतात. गर्दीतून वाट मिळत नाही, म्हणून ते घरावर चढतात आणि छप्पर खणून काढतात. शहरातल्या वाचकाला हे अशक्य वाटते. पण सोलापूर-मराठवाड्याकडे ज्यांनी माळवदाची घरे पाहिली आहेत त्यांना समजावून सांगावे लागत नाही. गालीलातील साधी घरेही अशीच असत : आडव्या लाकडी तुळया, त्यांवर काटक्या व गवत, आणि वर चोपलेली माती. बाहेरून जिना किंवा शिडी असे. माळवद उकरताना खाली काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. माती पडते, गवताच्या काड्या पडतात, बोलणारा थांबतो, सगळे वर पाहू लागतात, आणि भोकातून एक बाज दोरांवरून हळूहळू खाली येते.

या क्षणी घरातील प्रत्येकाची अपेक्षा एकच आहे, की त्या माणसाने चालू लागावे. येशू मात्र त्याला म्हणतो, ‘मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.’ शास्त्री, म्हणजे यहूदी नियमशास्त्राचे शिक्षक, मनात आक्षेप घेतात की देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो. हा आक्षेप शास्त्राला धरूनच आहे आणि येशू तो खोडून काढत नाही. मनुष्याच्या पुत्राला (येशू स्वतःचा उल्लेख असा करतो) पृथ्वीवर पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे हे तुम्हांला समजावे, असे म्हणून तो त्या माणसाला उठायला सांगतो, आणि ज्या बाजेवरून तो आला तीच बाज उचलून तो सर्वांसमोर बाहेर पडतो.

येथे चार गोष्टी पाहाव्यात. त्या माणसाने स्वतः काहीही केलेले नाही. तो चालतसुद्धा आलेला नाही. त्याला मिळालेली क्षमा मागितलेल्या गोष्टीपेक्षा खोल आहे. क्षमा देणारा देवाच्या जागी उभा राहून बोलत आहे. आणि शरीराचे दुखणेही तसेच सोडून दिलेले नाही. सुवार्ता फक्त मेल्यानंतरच्या स्वर्गाविषयी आहे असे समजणाऱ्यांनी, तसेच ती फक्त समाजसेवेविषयी आहे असे समजणाऱ्यांनी, ही बारा वचने पुनःपुन्हा वाचावीत असे मला मनापासून वाटते.

पायरी ४ : सर्वांत लहान मजकूर पाठ करावा

आता करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १५, वचने १ ते ८ काढावीत. पौल या प्रेषिताने हे पत्र करिंथ येथील मंडळीला इ. स. ५४ च्या सुमारास इफिस येथून लिहिले. ‘मी तुम्हांला जी सुवार्ता सांगितली ती हीच’ अशा शब्दांत तो आरंभ करतो आणि मग चार क्रियापदांत ती सांगतो : शास्त्राप्रमाणे ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, तो पुरला गेला, शास्त्राप्रमाणे तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला, आणि तो केफाला (म्हणजे पेत्राला), मग बारा जणांना दिसला. यापुढे तो पाचशेहून अधिक बंधूंचा उल्लेख करतो आणि त्यांतील बहुतेक अजून हयात आहेत, असे सांगतो. ज्यांना विचारता येईल असे साक्षीदार पुढे करण्याची ही रीत आहे.

हे आपण रचलेले नाही, आपल्याला जे मिळाले तेच पुढे दिले, असेही पौल स्पष्ट म्हणतो. तो करिंथात पहिल्यांदा आला इ. स. ५० च्या सुमारास, आणि त्याआधीच त्याला हा मजकूर मिळालेला होता. म्हणजे वधस्तंभाच्या घटनेनंतर वीस वर्षांच्या आत ही वाक्ये मंडळ्यांत ठरून गेली होती. चार क्रियापदे पाठ करावीत. पुढे कोणतेही प्रवचन ऐकताना ती मनात धरून बसल्यास बोलणारा सुवार्ता सांगतो आहे की दुसरे काही, हे आपोआप कळू लागते.

येथे पुष्कळांना एक शंका येते आणि ती रास्त आहे. येशू स्वतः ‘देवाचे राज्य जवळ आले आहे’ असे सांगत फिरला, तर पौल त्याचे मरण व पुनरुत्थान सांगतो. मग सुवार्ता एक की दोन? माझे उत्तर असे की येशूने राज्य आल्याची बातमी दिली, आणि प्रेषितांनी राजा कोण व तो कोणत्या वाटेने गादीवर बसला ते सांगितले. मार्काच्या पंधराव्या अध्यायात त्याला काट्यांचा मुकुट घातला जातो आणि वधस्तंभावरच्या दोषपत्रावर ‘यहूद्यांचा राजा’ असे लिहिले जाते. शिपायांनी थट्टेने केले ते लेखकाने सत्य म्हणून नोंदवले आहे.

पायरी ५ : ‘शास्त्राप्रमाणे’ या शब्दाचा माग काढावा

पौलाच्या त्या मजकुरात ‘शास्त्राप्रमाणे’ हा शब्द दोनदा येतो. त्याचा अर्थ जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग. नवागताने तो सगळा लगेच वाचावा असे मी म्हणणार नाही. तीन ठिकाणे पुरेत. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात अब्राहामाला दिलेले वचन आहे, की त्याच्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडण या यहूदी सणाचा कोकरा आहे, आणि मिसराच्या (इजिप्तच्या) दास्यातून सुटकेची रात्र. यशयाच्या ५२ आणि ५३ या अध्यायांत डोंगरावरून सुवार्ता घेऊन धावत येणाऱ्याचे पाय आहेत, आणि लगेच पुढे इतरांच्या अपराधांसाठी घायाळ झालेला सेवक आहे. लूकाच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात याच यशयाच्या ग्रंथातील दुसरा उतारा वाचतो, दीनांना सुवार्ता सांगण्याविषयीचा, आणि ‘हा शास्त्रलेख आज पूर्ण झाला आहे’ असे म्हणतो.

मराठी वाचकाला यासाठी जवळचे उदाहरण आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीछंदात ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत, आणि पहिला भाग ख्रिस्ताच्या आधीच्या कथेला दिलेला आहे. श्रोत्यांना ख्रिस्ताची ओळख करून द्यायची तर आधी निर्मितीपासूनची वाट चालवली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

पायरी ६ : वधस्तंभापाशी शब्द जपून समजून घ्यावेत

‘आपल्या पापांसाठी’ हे दोन शब्द सर्वांत अवघड आहेत. पाप म्हटले की आपल्याला मोठे गुन्हे आठवतात आणि आपण सुटल्यासारखे वाटते. नव्या करारातील ग्रीक शब्दाच्या मुळाशी नेम चुकणे असा अर्थ आहे. ज्यासाठी आपण निर्माण झालो ते देवाशी आणि माणसांशी असलेले नाते चुकणे व मोडणे. अशा मोडलेल्या नात्यात सभ्य माणसेही असतात.

दुसरा शब्द ‘खंडणी’. मार्क १०:४५ (अध्याय १०, वचन ४५) मध्ये मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून देण्यास आला, असे आहे. आजच्या मराठीत खंडणी म्हणजे गुंडाने धमकावून उकळलेला पैसा, आणि त्यामुळे एका होतकरू वाचकाने मला विचारले होते की देवाने कोणाच्या धमकीला भिऊन ही रक्कम दिली. येथे अभिप्रेत आहे ते दासाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी दिले जाणारे मोल. कैदी स्वतःचे मोल देऊ शकत नाही, म्हणून दुसरा देतो. हे मोल कसे लागू पडते याविषयी ख्रिस्ती विचारवंतांनी शतकानुशतके निरनिराळी स्पष्टीकरणे दिली आहेत : ऋण फेडणे, न्यायालयातील शिक्षा स्वतःवर घेणे, मृत्यूच्या सत्तेवर विजय मिळवणे. ही सर्व एकाच घटनेकडे पाहण्याची दारे आहेत. नवागताने एकाच दारासाठी भांडण मांडू नये.

पुनरुत्थानाविषयी थोडेच सांगतो, कारण ते चौथ्या पायरीत आले आहे. मरण पावलेल्याच्या शिकवणीचा प्रभाव टिकून राहिला, असा त्याचा अर्थ नाही. रिकामी कबर प्रथम पाहणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि त्या काळच्या समाजात स्त्रियांच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. कथा पटावी म्हणून रचणाऱ्याने त्यांची नावे पहिली घातली नसती.

पायरी ७ : ‘मग मी काय करावे?’

बातमी ऐकल्यावर हा प्रश्न यायलाच हवा. येशूचे उत्तर मार्क १:१५ मध्ये आहे : पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा. मराठीत पश्चात्ताप म्हणजे झाल्या गोष्टीबद्दल नंतर वाटणारी हळहळ. मूळ ग्रीक शब्द मन पालटण्याविषयी बोलतो. लूकाच्या पंधराव्या अध्यायातील येशूच्या दाखल्यात, बापाचे घर सोडून सर्व उधळून बसलेला धाकटा मुलगा डुकरांपाशी रडत बसला असता, तर ती हळहळ झाली असती. तो उठून घराकडे निघाला, हा पालट. आणि विश्वास म्हणजे बापाने त्याला घरात घेताना जे अंगावर घातले ते त्याने काढून न टाकणे. कामगार म्हणून ठेवा असे वाक्य तो तयार करून आला होता. ते त्याला पुरे करताच आले नाही.

हे सर्व कृपेने आहे, असे इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे, आणि त्याच दमात सत्कृत्यांसाठीच आपण निर्माण झालो आहोत, असेही. कृत्ये मुळाशी नाहीत, फळांत आहेत. कृपा हा शब्द महाराष्ट्राला परका नाही. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. तो पूल खरा आहे असे मीही मानतो. मात्र सुवार्तेत कृपा एका घडून गेलेल्या घटनेला बांधलेली आहे, हे विसरू नये.

या पायरीवर पंडिता रमाबाईंची साक्ष मी प्रत्येकाला सांगतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पुढे १९०७ मध्ये त्यांनी लिहिले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. वेदशास्त्र जाणणारी, अनेक भाषा शिकलेली ही स्त्री आपल्याला हे आठ वर्षे मंडळीत राहिल्यावर कळले, असे लिहिते. म्हणून नवागताला सहा महिन्यांत सर्व उमगले नाही तर त्याने खचू नये. पुढे रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून, अडाणी बाईलाही समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले, आणि १९२२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत त्या त्यावर काम करत होत्या.

बाप्तिस्म्याचा निर्णय पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी बोलून, घरच्यांपासून न लपवता आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता करावा. आमिष दाखवून किंवा भीती घालून सांगितलेली गोष्ट सुवार्ता राहत नाही. ‘विश्वास ठेवा म्हणजे कर्ज फिटेल, आजार कधीच येणार नाही’ असे कोणी सांगू लागल्यास चार क्रियापदे आठवावीत. ती सांगणारा पौल स्वतः तुरुंगात गेला आणि त्याच्या शरीरातला काटा प्रार्थना करूनही निघाला नाही.

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांत सुवार्ता वेगळी आहे का, असेही विचारले जाते. सोळाव्या शतकात याच विषयावर मोठी फूट पडली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व लूथरन (मार्टिन लूथरच्या परंपरेतील प्रॉटेस्टंट) प्रतिनिधींनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि माणूस देवासमोर स्वीकारला जातो तो आपल्या गुणांमुळे नव्हे तर कृपेनेच, हे एकत्र मान्य केले. बाकीचे मतभेद उरले आहेत, आणि ते नवागताने पहिल्या वर्षी सोडवायचे नाहीत. वसईत मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जाण्याचा योग आला तर शुभवर्तमानाच्या वाचनापूर्वी लोक काय करतात ते पाहावे. सगळे उभे राहतात आणि अंगठ्याने कपाळावर, ओठांवर व छातीवर क्रुसाची लहान खूण करतात : ही बातमी माझ्या मनात, मुखात आणि हृदयात असो.

पायरी ८ : पोस्टकार्डाएवढ्या जागेत लिहून पाहावे

शेवटचे काम वहीत करायचे. तारण, अनुग्रह, प्रायश्चित्त, गौरव हे शब्द न वापरता, चर्चमध्ये कधीही न गेलेल्या आपल्या आजीला समजेल अशा पाच-सहा वाक्यांत सुवार्ता लिहावी. वाक्यांचा कर्ता तपासावा. बहुतेक वाक्यांचा कर्ता ‘मी’ किंवा ‘आपण’ निघाला, तर उपदेश लिहिला गेला आहे असे समजावे आणि कागद पुन्हा घ्यावा. ‘देवाने’, ‘येशूने’, ‘तो’ असे कर्ते दिसू लागले की बातमी कागदावर उतरू लागली. मग करिंथकरांस पहिल्या पत्रातील त्या आठ वचनांशी मजकूर ताडून पाहावा. माझ्या अनुभवात बहुतेकांच्या पहिल्या कागदावर वधस्तंभ येतो आणि पुनरुत्थान राहून जाते. ते राहिले असल्यास मार्काचा सोळावा अध्याय पुन्हा उघडावा आणि कबरेकडे पहाटे निघालेल्या त्या स्त्रियांबरोबर, धोंड कोण लोटून देईल असे एकमेकींना विचारणाऱ्या त्यांच्या वाक्यापासून, वाचन नव्याने सुरू करावे.